पिंजऱ्यावरची गोधडी

शके १७८६, कार्तिक वद्य अमावास्या. कचेरीच्या तासावर दोन टोले पडले. थोड्याच वेळात अमरावतीत जानरावच्या घरासमोरून कापसाच्या तीन गाड्या खडखडत गेल्या आणि सोप्यातल्या पिंजऱ्यातली चारही पाखरं एकदम उधळली. काळोखात पंख तारांवर आपटत होते. जानरावची बायको वच्छला चाचपडत पिंजऱ्यापाशी पोचली तेव्हा आवाज थांबला होता, पण तिच्या बोटांना काहीतरी ओलं लागलं.

दिवा लावायची सोय नव्हती. शेजारच्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरला होता. कापूस घरात असेपर्यंत तिन्हीसांजेनंतर आत ठिणगी आणायची नाही, असा नियम होता. जेवणंही उजेडीच उरकत.

सकाळी कळलं, हळद्याच्या पंखातून रक्त आलं होतं. चौघांत तोच एक पिवळा. वच्छला ज्वारी निवडायला बसली की तो तिच्या बांगडीवर येऊन बसे आणि तिच्या हातातले राळ्याचे दाणे टिपत असे. तिने जखमेवर हळद दाबून धरली.

पाखरं जानरावनेच आणली होती. गेल्या हंगामातला राखून ठेवलेला कापूस त्याने दसऱ्यानंतर अकोल्याला विकला. भाव कधी नव्हे इतका आला, त्या आनंदात विलायतेला निघालेल्या एका गोऱ्याच्या खानसाम्याकडून त्याने पिंजरा घेतला. जात पोपटाची, आकार चिमणीचा. ऑस्ट्रेलियातून जहाजाने आलेली. रात्री मांजर येऊ नये म्हणून वच्छला पिंजऱ्यावर जुनं लुगडं टाकत असे. त्या पंधरवड्यात पाखरं उधळायची ही तिसरी वेळ होती.

"अवस होती ना राती?" जानरावची आई गोदाबाई म्हणाली. "त्या गोऱ्याच्या घरचं कायतरी संगं आलं हाय."

तिने पिंजऱ्याला लिंबू-मिरची आणि बिब्बा बांधला. लुगड्यावरून एक जाड गोधडीही टाकली. येणाऱ्याला आतलं काही दिसू नये म्हणून.

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला पाखरं पुन्हा उधळली. या वेळी अंगणात सुई सापडावी इतकं चांदणं होतं.

"भुताची पाखरं पाळली म्हनून गाडीवान हासून राहिले मले," सकाळी जानराव म्हणाला. "अवसेच्या दुसऱ्या दिवशी अकोल्याले खेप हाय. पाखरं संगं नेतो अन् कोनाले तरी देऊन टाकतो."

वच्छलाने गोधडीचा कोपरा उचलून आत पाहिलं. मग सासूला म्हणाली, "आत्याबाई, पुनवेले भूत येते काय?"

"काहून वं?"

"नुसतं लुगडं होतं तवा अंधाऱ्या पक्षातच भेत होती. गोधडी टाकली, अन् पुनवेले बी भ्याली. त्याइले आत कायी दिसतच नाई. गाडी खडखडली का दचकून उडतेत, अन् मंग बसाची काडी सापडत नाई. आपल्याले तरी काळोखात खाट सापडते काय?"

"मले सापडते," जानराव म्हणाला.

"परवा आत्याबाईच्या पायावर कोन बसलं होतं मंग?"

गोदाबाई तोंडाला पदर लावून हसली. जानराव हसला नाही. "तू दिवा मागून राहिली. घरात दिवा नाई म्हंजे नाई."

"घरात कोन लावून राहिलं? तुळशीपाशी लावतो मी. खिडकीतून उजेड येते."

तुळशीपाशी रोजच दिवा लागे, पण त्यातलं तेल तासाभरात सरत असे. हा दिवा रात्रभर जळायला हवा होता. जानरावने तुळशीपासून कापसाच्या खोलीपर्यंत पावलं मोजली. बावीस भरली. वारा कुठून येतो तेही त्याने चिमूटभर कापूस उडवून पाहिलं.

"एक रात," तो म्हणाला. "अवसेची. मी पान्याची घागर घेऊन बसतो. उधळली तर सकाळी गाडीत."

अमावास्येच्या संध्याकाळी गाडी भरून दारात उभी राहिली. पिंजऱ्यासाठी पुढे हातभर जागा सोडली होती. गोदाबाईने गोधडी स्वतःच काढली, बिब्बा तेवढा ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "तो कायी खात नाई."

वच्छलाने मोठी पणती काठोकाठ भरली आणि जाड वात घातली. लुगडं खिडकीच्या बाजूने अर्धं वर केलं. पिंजऱ्यातल्या काड्या पुसट दिसू लागल्या.

दोनचे टोले पडले. पाठोपाठ दोन गाड्या गेल्या. चारही पाखरांनी पंख उचलले. हळद्या एक काडी खाली उतरला, मान वळवून इकडेतिकडे पाहू लागला आणि परत वर चढून बसला. बाकीच्यांनी पंख मिटले. वच्छलाने अंगणात पाहिलं. जानराव घागरीला टेकून झोपला होता.

तीनचे टोले पडले तेव्हा पिंजरा शांत होता. पणतीत बोटभर तेल होतं. उजाडायला अजून तीन तास होते, आणि बडनेऱ्याच्या बाजूने आणखी गाड्या येत असल्याचं ऐकू येत होतं. वच्छला तेलाची बुधली घेऊन पाय न वाजवता तुळशीकडे निघाली.