उरलेलं दूध

प्रयोगशाळेतल्या माणसाने कापसाची काडी नवजात बाळांच्या कक्षातल्या सिंकच्या जाळीतून आत घातली, गोल फिरवली, आणि आत्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"तिथेसुद्धा?"

"सगळीकडे. नळ, टेबल, बाळांच्या पेट्यांच्या कडा." काडी नळीत बंद करत तो म्हणाला. "कुठे दडून बसलाय, ते सापडायला नको का?"

दडून बसलेला तो जंतू कालच खिडकीजवळच्या बाळाच्या रक्तात सापडला होता. बाळाचं दूध बंद झालं, इवल्याशा हाताला सलाईन लागलं. त्याची आई काचेच्या पेटीला डोकं टेकून उभी होती. ती रडतही नव्हती, आणि त्याचीच आत्याला जास्त भीती वाटत होती.

शेजारच्याच पेटीत आत्याची भाची होती. वजन दीड किलोसुद्धा नाही, म्हणून आत्याने तिचं नाव ठेवलं होतं ढब्बी. वहिनी वरच्या मजल्यावर अजून अंथरुणाला खिळलेली. तिचं काढलेलं दूध खाली आणायचं आणि वाटी-चमच्याने पाजायचं, हे काम आत्याकडे. घरातल्या एकालाच आत यायची परवानगी होती. ती तिने भावाशी भांडून मिळवली होती.

हात धुण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, काही सुटायचं नाही. "आत्यांकडे बघा जरा," सिस्टर नव्या आयांना सांगायच्या. आणि पाजून झालं की ढब्बीने टाकलेलं घोटभर दूध आत्या त्याच सिंकमध्ये ओतायची, वाटी तिथेच विसळायची. उष्टं ठेवायचं नाही, असं बजावलेलं होतं. कुठे ओतायचं ते कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी मोठ्या सिस्टरांनी सगळ्यांना दाराशी बोलावलं.

"सिंकच्या नळीत निघाला," त्या म्हणाल्या. "पाणी सोडलं की खालून शिंतोडे उडतात. हातावर, वाटीवर. पण नुसत्या पाण्यावर तो एवढा पोसला जात नाही. इथे कुणी काही ओततं का?"

आत्याने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बोललं तर बाहेर काढतील. मग ढब्बीला पाजणार कोण? भाऊ तर चमचा धरतो तोच मुळी फावडं धरल्यासारखा. आणि खिडकीजवळची ती आई अगदी मागेच उभी होती. तिने एकदा जरी विचारलं, की माझ्या बाळाला हे तुमच्यामुळे का, तर काय सांगायचं? गप्प राहिलं तर कुणाला पत्ताही लागणार नव्हता.

आत ढब्बीने जांभई दिली.

"मी ओतते," आत्या म्हणाली. आवाजच फुटला नाही, म्हणून तिला ते पुन्हा म्हणावं लागलं. "मी ओतते. उरलेलं दूध. रोज."

मागे कुणीतरी श्वास रोखल्याचं तिला जाणवलं. वळून बघायची तिची छाती झाली नाही.

सिस्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सिंकला चिकटपट्ट्या लावून ते बंद केलं, नळी बदलायला माणूस बोलावला, उरलेल्या दुधासाठी बाहेर पायाने उघडायची बादली ठेवली आणि ढब्बीचं रक्त तपासायला पाठवलं. मग म्हणाल्या, "चला, पाजायची वेळ झाली."

ढब्बीच्या रक्तात काही निघालं नाही. तरी आत्याची भीती गेली नाही, ती फक्त शेजारच्या पेटीकडे सरकली. कुठलंही यंत्र वाजलं की ती आधी तिकडे बघायची. दोघी कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ उभ्या असायच्या, पण ती आई तिच्याशी अवाक्षर बोलली नाही. आत्यालाही तिच्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

एका दुपारी आत्या बाहेर वाटी रिकामी करत होती. कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. खिडकीजवळची आई होती. तिच्याही हातात वाटी होती आणि तळाशी चमचाभर दूध.

"आज सुरू केलं," ती म्हणाली. "सगळं नाही प्यायला."

तिने वाटी जरा पुढे केली.

"हे कुठे ओतायचं, आत्या?"

आत्याने बादलीचं झाकण पायाने दाबून उघडलं. दूध ओतून झालं तरी तिला पाय उचलायचं सुचेना.