राखीव गोलकीपर

"बाबा, आर यू गाइज ऑलरेडी ऑन द रोड?"

कुशचा फोन आला तेव्हा बस शुगर लँड सोडून बरीच पुढे आली होती. श्रीरंग झांजा वाजवत होता आणि कांचनकाकू मागच्या सीटवरून पुऱ्यांचा डबा पुढे सरकवत होत्या. शैलेंद्रने एका कानात बोट घातलं आणि फोन दुसऱ्या कानाला घट्ट लावला.

"निघालो ना! अख्खी बस भरलीय. झांजा ऐकू येतायत का?"

"बाबा, प्लॅन चेंज झाला. आज डेरेक खेळणार. कोचने आत्ता सांगितलं. वरच्या लीगचा स्काउट येतोय त्याला बघायला."

"आणि तू?"

"मी बेंचवर. नेहमीसारखा." मग घाईघाईने, "आय एम सॉरी, बाबा. तुम्ही सगळ्यांना सांगितलंय ना?"

"तू नको रे काळजी करू," शैलेंद्र म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

सगळ्यांना सांगितलं होतं, हे तसं कमीच बोलणं झालं. शैलेंद्रने महिनाभर शुगर लँडच्या मराठी मंडळात दुसरा विषय काढला नव्हता. आपला कुश निवृत्त होतोय, शेवटचा सामना घरच्या मैदानावर आहे, कोचने त्याला खेळवायचा शब्द दिलाय, तेव्हा चला! मराठी माणसाला निमंत्रणाबरोबर जेवणाचं सांगितलं की तो नकार देत नाही, हे त्याला ठाऊक होतं. हळदीकुंकवाला जमते तशी गर्दी बसमध्ये जमली. त्यातल्या निम्म्यांनी आइस हॉकी कधी पाहिली नव्हती. 'बर्फावर का खेळतात?' इथून त्यांची सुरुवात होती.

शेजारी बसलेल्या विनीताने नवऱ्याचा चेहरा पाहिला. "काय झालं? कुशचा होता ना?"

"काही नाही. लवकर पोचा म्हणाला."

पस्तीस वर्षांच्या संसारात शैलेंद्रला एकही थाप नीट मारता आलेली नव्हती. विनीता हळूच म्हणाली, "नाही खेळवत ना त्याला?"

त्याने मान हलवली. "कोणाला बोलू नकोस. कोचचं काय सांगावं, शेवटी शेवटी उतरवेलसुद्धा."

आता हा कुश कोण, तर टेक्सासच्या एका छोट्या गावातल्या बायसन्स नावाच्या संघाचा राखीव गोलकीपर. वय तीस. शुगर लँडच्या घामट उन्हाळ्यात वाढलेल्या या मुलाने आठव्या वर्षी एका मॉलमध्ये बर्फाचं रिंगण पाहिलं आणि तिथून घरी यायलाच तयार होईना. विनीताने डोक्याला हात लावला. शैलेंद्र मात्र मुलापेक्षा जास्त खुळावला. तेल कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सांभाळून पहाटे सरावाला नेणं, बाहेर उकाडा असताना आत स्वेटर घालून कुडकुडत बसणं, पोराच्या पायांना ते उशांएवढे पॅड बांधून देणं, सगळं त्याने केलं. नागपूरच्या भावाने कौतुकाने गवतावरच्या हॉकीची स्टिक पाठवली, ती अजून दिवाणखान्यात टांगलेली आहे.

दोन हजार एकच्या हिवाळ्यात कुशला या संघात पगारी जागा मिळाली तेव्हा शैलेंद्रने ऑफिसात पेढे वाटले. राखीव गोलकीपर म्हणजे काय, ते त्याला हळूहळू समजलं. सामन्याआधी कुश सगळ्यांबरोबर सराव करायचा, मग सामन्याची कोरी जर्सी चढवून, डोक्यावर टोपी घालून बेंचच्या टोकाला बसायचा. खेळाडू धापा टाकत बदलीला आले की लाकडी फळीतलं दार उघडायचं, ते आत आले की लावायचं, त्यांना पाणी द्यायचं, पाठीवर थाप मारायची. कधीमधी मुख्य गोलकीपर दुखावला की याला खेळायला मिळायचं आणि तो चांगला खेळायचाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा टोपी. अशी सात वर्षं गेली. रात्र-रात्र बसचे प्रवास, उन्हाळ्यात लहान मुलांना गोलकीपिंग शिकवणं, कमरेचं दुखणं. लग्नाळू मुलींच्या आयांना विनीता 'स्पोर्ट्समध्ये आहे' एवढंच सांगायची आणि विषय बदलायची. आता कंबर साथ देईना, म्हणून कुशने फ्रिस्को शहरातल्या एका बर्फाच्या रिंकवर कोचची कायमची नोकरी घेतली होती.

बस पोचली. झगझगीत दिवे, पॉपकॉर्नचा वास आणि हाडं गोठवणारी हवा. कांचनकाकूंनी साडीवर दोन शाली घेतल्या.

"शैलेंद्र, आपला कुश कुठला रे? तो जाळीपुढचा का?"

"नाही काकू. तो टोपीवाला. दाराशी बसलाय तो."

"अगं बाई, बसवलाय का त्याला?"

"येईल थोड्या वेळाने," शैलेंद्र म्हणाला. विनीताने मान खाली घातली.

सामना सुरू झाला आणि मंडळाच्या लोकांना वाटलं होतं त्यापेक्षा फारच मजा आली. माणसं एकमेकांवर आदळत होती, काचा थरथरत होत्या. श्रीरंगच्या झांजांना गावकऱ्यांनी गाईच्या घंटा वाजवून साथ दिली. बायसन्सनी एक गोल केला, मग दुसरा, शेवटच्या भागात तिसरा. जाळीपुढचा डेरेक हा कॅनडातल्या कुठल्याशा गावचा जेमतेम बावीस वर्षांचा गडी, पण आज त्याच्या अंगात आलं होतं. बर्फावरून सरकत येणारी, चेंडूच्या जागची ती रबरी चकती तो एकदाही आत जाऊ देत नव्हता.

शैलेंद्रची नजर मात्र दाराकडे होती. कुश दार उघडत होता, लावत होता, ओरडून काहीतरी सांगत होता. एकदा एका खेळाडूचा तोल गेला तर त्याने त्याला दंडाला धरून आत घेतलं. शैलेंद्रला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली. सात वर्षं मुलगा हेच काम करत होता, आणि आपल्याला ते आजच का सलावं? आज आपली माणसं बघताहेत म्हणून?

पाच मिनिटं उरली होती. तीन शून्य. आता हरण्याची भीती नव्हती. शैलेंद्र उठून उभा राहिला, तोंडापुढे हातांचा कर्णा केला आणि जन्मात कधी ओरडला नव्हता इतक्या जोरात ओरडला, "वुई वाँट कुश!"

श्रीरंगला तेवढंच हवं होतं. झांजा कडाडल्या. "वुई वाँट कुश! वुई वाँट कुश!" सगळं मंडळ उठलं. कांचनकाकूही शाल सावरत उठल्या. पलीकडच्या गावकऱ्यांनी वळून पाहिलं, हसले, आणि तेही ओरडू लागले. सात वर्षं या माणसाला सगळ्यांनी दाराशी पाहिलं होतं. बघता बघता अख्खं स्टेडियम त्याचं नाव घेऊ लागलं. विनीताच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

कोचने घड्याळाकडे पाहिलं, प्रेक्षकांकडे पाहिलं आणि वाकून कुशच्या खांद्यावर हात ठेवला.

"उतरवतोय! विनीता, उतरवतोय बघ!"

कुशने मान हलवली. नाही म्हणाला. कोच पुन्हा काही बोलला. कुशने पुन्हा नकार दिला आणि हनुवटीने जाळीकडे खूण केली, डेरेककडे. मग त्याने वर, बरोबर आपल्या माणसांकडे पाहिलं. बापाची नजर मिळाल्यावर त्याने तळहात खाली करून दोनदा दाबल्यासारखं केलं. बसा. गप्प बसा.

शैलेंद्रने गुणफलकाकडे पाहिलं. पाहुण्यांच्या नावापुढे शून्य होतं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

पूर्ण सामना एकट्याने खेळून एकही गोल खाल्ला नाही, तर ते शून्य गोलकीपरच्या नावावर लागतं. शेवटच्या एका मिनिटासाठी जरी दुसरा उतरला, तरी ते कोणाच्याच नावावर राहत नाही. वरच्या लीगचा माणूस समोर बसलेला, आणि डेरेकचं ते पहिलंच शून्य असणार होतं. बेंचवर सगळ्यांना हे माहीत होतं आणि कोणीही बोलत नव्हतं, कारण शून्य पुरं होईपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही, असा या खेळातला जुना दंडक. शैलेंद्रला हे सगळं मुलाच्या नवव्या वर्षापासून पाठ होतं. तरी आज नेमकं तेच विसरला.

खाली डेरेक जाळीपुढे उभा राहून वर बघत होता. तो या ओरडण्याने गांगरला होता.

"थांबा! बसा खाली! श्रीरंग, झांजा बंद कर!"

"अरे, का? आता तर रंगात आलंय!"

"बंद कर म्हणतो ना!"

"पण कारण काय, यार? तूच तर सुरू केलंस!"

"नंतर सांगतो. आत्ता बोलायचं नसतं."

श्रीरंगने झांजा तशाच वर धरून ठेवल्या. कांचनकाकूंनी मात्र एकदम तोंडावर हात ठेवला. "दृष्ट लागते होय? मग बसा रे सगळे! एक शब्द नको!"

जे शैलेंद्रला समजावून सांगता आलं नसतं ते काकूंनी दोन क्षणांत मिटवलं. मंडळ खाली बसलं. गावकऱ्यांचा आवाजही विरत गेला. मुलाने खेळावं म्हणून पाच तासांवरून बसभर माणसं आणलेला बाप हात गुडघ्यांत घट्ट दाबून, मुलाने खेळू नये म्हणून मनातल्या मनात देवाचं नाव घेत होता. ती शेवटची मिनिटं त्याच्या आयुष्यातली सगळ्यात लांब मिनिटं होती. शेवटच्या क्षणी एक चकती डेरेकच्या बुटाला लागून बाहेर गेली आणि भोंगा वाजला.

बेंचवरून सगळे बर्फावर धावले. डेरेक त्या गर्दीतून वाट काढत कुशकडे आला आणि त्याच्या गळ्यात पडला. बराच वेळ दोघे तसेच उभे होते.

मोसमाच्या शेवटच्या घरच्या सामन्यानंतर तिथे एक प्रथा असते. प्रत्येक खेळाडू अंगातली जर्सी काढून प्रेक्षकांतल्या कोणाला तरी देतो. कुश काचेपाशी आला. दार उघडून त्याने आईबापाला बर्फाच्या कडेला अंथरलेल्या रबराच्या पट्टीवर घेतलं.

"सॉरी, बाबा. एवढे सगळे लोक आले..."

"ते काय, पुऱ्या खायला आले होते रे."

कुश हसला. "तुम्ही ओरडलात तेव्हा आय वॉज सो स्केअर्ड. वाटलं, कोच ऐकणार."

"मी गाढव आहे," शैलेंद्र म्हणाला. "तुला खेळायचं नव्हतं का रे? थोडंसुद्धा?"

"खेळायचं होतं ना." कुशने सरळ सांगितलं. "खूप. पण ते त्याचं होतं, बाबा."

त्याने जर्सी डोक्यावरून काढली आणि आईच्या हातात दिली. कांचनकाकू त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडत होत्या, श्रीरंग फोटोसाठी सगळ्यांना दाटीवाटीने उभं करत होता.

बसने परतताना विनीताने जर्सी मांडीवर पसरली. घरी गेल्यावर धुवायला टाकायची म्हणून सवयीने तिने ती उलटसुलट चाचपली. पाठ कोरडी होती. छाती कोरडी होती. इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती. फक्त डावा खांदा ओलाचिंब होता, डेरेकने डोकं टेकलं होतं तिथे. तिने शैलेंद्रचा हात धरून त्या जागेवर ठेवला, आणि तो ओलावा सुकेपर्यंत त्याने हात काढला नाही.