मामाच्या घरचं डिझेल

मामाने दिलेल्या डिझेलला बाटली कशी लावायची, हा प्रश्न एर्चिमला पहाटे पाचला पडला आणि त्याने तो तिथल्या तिथे गिळून टाकला.

सैबेरियाच्या याकुतियातल्या, गोठलेल्या नद्यांवरून जाणाऱ्या हिवाळी वाटेवरचा कुठलाही ड्रायव्हर नवं डिझेल भरलं की त्यातलं बाटलीभर काढतो, ती बाटली आरशाच्या दांड्याला बाहेर टांगतो आणि तासाभराने बघतो. डिझेल स्वच्छ राहिलं तर हिवाळी. गढूळलं तर उन्हाळी, थंडीत थिजून इंजिन बंद पाडणारं. आणि उन्हाळी डिझेल घेऊन जानेवारीत गोठलेल्या नदीवर उतरणं म्हणजे आपल्या पायांनी मसणात जाणं. एर्चिम चौदा वर्षं या वाटेवर गाडी चालवत होता, बाटली त्याने एकदाही चुकवली नव्हती. पण आजचं पिंप लुका मामाचं. लुका मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, गावच्या बॉयलरघराचा रखवालदार. सत्तरी उलटलेल्या या माणसाने स्वतः हातपंप मारून ट्रकची दुसरी टाकी काठोकाठ भरली, वर चार कॅन भरून केबिनमध्ये सीटमागे ठेवले आणि तो अंगणात कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांदेखत बाटली टांगायची म्हणजे 'मामा, तुझ्यावर भरवसा नाही' असं तोंडावर सांगणं. आमच्याकडे त्यापेक्षा थोबाडीत मारलेली परवडते.

"बघतोस काय एवढं? पाण्यासारखं आहे," मामा म्हणाला. "हिवाळीच आहे. भाच्याला काय उन्हाळी देईन मी?"

"मी कुठं काय म्हटलं, मामा?"

"तोंडावर दिसतंय तुझ्या. आईवर गेलास अगदी. तीही अशीच संशयी."

डिझेल पाण्यासारखं होतंच. बॉयलरच्या भिंतीला टेकून महिनाभर उबेत बसलेलं पिंप ते; तिथे कुठलंही डिझेल पाण्यासारखंच दिसणार. एर्चिमला हे कळत नव्हतं असं नाही. मामा आताशा पिंपावरची खूण डोळ्यांजवळ धरूनही चुकीची वाचतो, हेही त्याला माहीत होतं. गावाबाहेर पडल्यावर दोन मिनिटं थांबून बाटली लावता आली असती. तेव्हा त्याने काय केलं, तर गाणी लावली.

नऊच्या सुमाराला, जेमतेम उजाडत असताना, समोरून आलेला एक ट्रक वाटेत उभा दिसला. उभ्या गाडीला ओलांडून पुढे जायचं नाही, हा इथला कायदा. एर्चिम थांबला. ट्रक प्रोकोपीचा होता. साठीचा एकटा माणूस, उत्तरेला माल उतरवून रिकामा परत निघालेला. या वाटेवर गाडी कशी हाकायची, हे एर्चिमला त्यानेच पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

"काय प्रोकोपी दादा, वाटेत उभे राहून मुहूर्त बघताय की काय?"

"मुहूर्त चुकला म्हणूनच उभा आहे, लेका. बर्फाचा सुळका लागला टाकीला. भोकात साबण कोंबून गळती थांबवली, पण तोवर पोट रिकामं झालं. दहा मिनिटांत इंजिन बंद पडेल. दे काही असेल तर."

एर्चिमने सीटमागचे चारही कॅन काढले. प्रोकोपीचा हात सवयीने रिकाम्या बाटलीकडे गेला.

"बाटली लावलीस ना याला?"

"लुका मामाने दिलंय."

"मग झालं." प्रोकोपीने बाटली पुन्हा सीटखाली टाकली. "लावली तर म्हाताऱ्याला पन्नास किलोमीटरवरून कळेल, आणि चहा मिळायचा नाही मला तिथे."

दोघं हसले. केबिनच्या उबेतून आलेलं डिझेल खळखळत टाकीत गेलं. प्रोकोपीने धिरड्याचा तुकडा मोडून वाटेच्या देवाला टाकला, राहिलेलं एर्चिमच्या हातात कोंबलं आणि दक्षिणेला निघून गेला. एर्चिम उत्तरेला. थंडी उणे चोपन्न अंशांची होती.

अकराला एर्चिमने दुसरी टाकी लावली. पहिलीतलं डेपोचं, बाटली लावून पारखलेलं डिझेल पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवावं, असा हिशेब. सहा-सात मिनिटं गेली. मग इंजिनाला ठसका लागला. दुसरा लागला. नदीकाठच्या चढणीवर गाडीचा दम गेला आणि ती बंद पडली.

एर्चिम घाबरला. स्वतःसाठी नव्हे. त्याच्याकडे पहिल्या टाकीत चांगलं डिझेल होतं, नवा फिल्टर होता, ब्लोलॅम्प होता. प्रोकोपीच्या टाकीत मामाच्या डिझेलाशिवाय काहीच नव्हतं.

"हवा असेल," तो मोठ्याने म्हणाला. "नळीत हवा शिरली असेल."

त्याने पुन्हा पहिली टाकी लावून बघितली. इंजिन नुसतं घरघरलं. तो खाली उतरला, हवा काढायला नळीचा स्क्रू सैल केला आणि इंजिनाचा हातपंप दाबू लागला. हवा असती तर बुडबुडे आले असते. बुडबुडे आले नाहीत, डिझेलही आलं नाही. दांडा चिखलात रुतल्यासारखा जड झाला होता.

मग त्याने पाण्याची आशा धरली. एखाद्या ड्रायव्हरने आपल्या गाडीत पाणी शिरलेलं असावं म्हणून देवाची करुणा भाकावी, असं दुसरं उदाहरण मी ऐकलेलं नाही. पाणी शिरलं असेल तर ते याच्याच टाकीतलं, याच्याच गाडीचं दुखणं. प्रोकोपी एव्हाना मामाच्या चुलीशी चहा पीत बसला असेल. पाणी साठतं ती वाटी त्याने उघडली. वाटी कोरडी. पंप बिघडलेला असू दे, नळी पिचकलेली असू दे, असं पुटपुटत त्याने एकेक जागा चाचपली. सगळं धडधाकट होतं. गाडीत काहीतरी मोडलेलं सापडावं म्हणून तो अर्धा तास धडपडला, आणि गाडी काही मोडलेली निघेना.

शेवटी त्याने फिल्टर खोलला. हे पहिल्यांदा करायला हवं होतं, आणि आपण ते का टाळतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आत पांढरट लगदा भरलेला होता, घोड्याच्या थिजलेल्या चरबीसारखा. बर्फ असेल, अजून बर्फ असू शकेल, म्हणत त्याने हातमोजा काढून चिमूटभर लगदा तळहातावर घेतला आणि त्यावर फुंकर घातली. बर्फ असता तर पाण्याचा थेंब झाला असता. झालं ते तेलकट डिझेल, स्वच्छ, मामाच्या अंगणात होतं तसं.

तेव्हा त्याने मामाला शिवी दिली. लगेच स्वतःला दिली, ती जास्त वाईट होती.

नवा फिल्टर बसवून त्यात पहिल्या टाकीतलं डिझेल ओतायला आणि नळी ब्लोलॅम्पने शेकायला अर्धा तास गेला. इंजिन सुरू झालं. आता पहिल्या टाकीत शंभरेक किलोमीटरपुरतं डिझेल उरलं होतं. पुढचं गाव ऐंशीवर. मागे मामाचं गाव पंच्याण्णववर, आणि मधे कुठेतरी प्रोकोपी. केबिनमधला रेडिओ दहा किलोमीटरपलीकडे पोचत नव्हता. पोचला असेल म्हातारा, एर्चिमच्या मनात आलं, पन्नासच तर किलोमीटर होते त्याला. पण रिकाम्या टाकीत ओतलेलं उन्हाळी डिझेल उणे चोपन्नला पन्नास किलोमीटर टिकत नाही, हे त्याला शिकवणारा माणूस प्रोकोपीच होता. त्याने गाडी वळवली.

परतीच्या वाटेवर तो प्रत्येक वळणाला घाबरत होता. ट्रक दिसू नये, म्हणजे तो पोचला. सकाळी दोघं थांबले होते ती जागा मागे गेली. बर्फावर प्रोकोपीच्या चाकांचे माग दक्षिणेला सरळ पुढे जात होते. पाच किलोमीटर, आठ किलोमीटर, माग चालूच होते आणि एर्चिमला जरा बरं वाटू लागलं. मग झाडांच्या वर काळा धूर दिसला. वारा नव्हता, धूर काठीसारखा सरळ वर चढत होता. या वाटेवर काळा धूर म्हणजे टायर. आधी माणूस जादा टायर जाळतो, मग गाडीची चाकं काढायला घेतो.

ट्रक मागून एका बाजूला कललेला होता. दोन चाकं नव्हती. प्रोकोपी आगीजवळ उभा होता, हात काखेत दाबून.

"आलास?" तो म्हणाला. त्याचे ओठ नीट हलत नव्हते. "बघ माझी अक्कल. टाकीच्या तळाशी जुनं काहीबाही राहिलं असणार. तुझं चांगलं डिझेल नासवलं मी. फिल्टर उघडला तर सगळी चरबी."

"हात बघू, दादा."

"हातमोजे भिजले डिझेलने. तेच घालून चाकं काढली." त्याने हात पुढे केले. दोन्ही हातांची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत मेणासारखी पांढरी होती. एकमेकांवर आपटली तेव्हा लाकडासारखी वाजली. अशी बोटं पुन्हा कामाला येत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. "लुकाला सांगू नकोस हं. चाळीस वर्षं गाडी चालवून टाकी साफ ठेवता येत नाही म्हणेल. लाज वाटते मला."

एर्चिमला गप्प राहणं किती सोपं होतं! म्हातारा आपणहून दोष डोक्यावर घेऊन उभा होता. मामाचं नाव राहत होतं, याचंही राहत होतं. गावात पोचल्यावर सगळ्यांनी पाठ थोपटली असती, की एर्चिम माघारी फिरला म्हणून प्रोकोपी वाचला.

"पण तू परत कसा आलास?" प्रोकोपीने विचारलं. "माल टाकून कुणी मागे फिरतं का? मी अडकलोय हे तुला कसं कळलं?"

टायरमधली तार तडतडत होती. एर्चिमला त्या हातांकडे बघवेना, आणि दुसरीकडे कुठे बघावं तेही सुचेना.

"माझीही बंद पडली," तो म्हणाला. "दुसऱ्या टाकीवर. तुमची टाकी साफ होती, दादा. मामाचं डिझेल उन्हाळी आहे. मी बाटली लावली नव्हती. लावायला हवी हे मला पहाटेच कळत होतं, तरी लावली नाही."

प्रोकोपीने हात पुन्हा काखेत दाबले. मग म्हणाला, "मी विचारलं होतं तुला."

"हो."

"नीट विचारलं होतं."

एर्चिम त्याला धरायला पुढे झाला. प्रोकोपीने कोपराने त्याला बाजूला सारलं आणि तो एकटाच बर्फातून अडखळत एर्चिमच्या चालू ट्रककडे गेला. पायरीवर चढला. दोन्ही हात उचलून त्याने बोटं दाराच्या मुठीवर ठेवली. बोटं वाकेनात. तो तसाच दाराकडे तोंड करून उभा राहिला; मागे वळला नाही, काही मागितलं नाही. एर्चिमने त्याच्या खांद्यावरून हात पुढे नेला आणि दार उघडलं.