दहाव्या गाण्यातलं नाव

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर. हातात मावतो तसला नाही. दोघांनी धरून उचलावा लागतो असा, वर दोन मोठी चाकं असलेला. आइसलंडच्या उत्तरेला स्काल्मारविक म्हणून मासेमारीचं गाव आहे. तिथल्या पुरुषांच्या गायक मंडळानं मला विकत आणलं. सगळे बोटीवरचे नाहीतर मासे कापणारे. हात खरबरीत, पण आवाज असा लावायचे की आवाज मोजणारा माझा काटा थरथरायचा.

तेव्हा माझा थाट होता. खलाशांच्या सणाला मला धक्क्यावर नेऊन बसवायचे. लोक म्हणायचे, मशीन चांगलं ऐकतं हं. मग गायक म्हातारे झाले, मंडळ बंद पडलं आणि मी सभागृहाच्या कपाटात, घडीच्या खुर्च्यांखाली गेलो. सतरा वर्षं. मला कुणी काही ऐकवलं नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मला बाहेर काढलं 'स्लोर'नं. मासे साफ केल्यावर खाली जी घाण उरते तिला इथं स्लोर म्हणतात. तिघांनी आपल्या पंक बँडला तेच नाव ठेवलं. साल्वोर गाते आणि गिटार वाजवते. केटिल बेस वाजवतो, दिवसा पोहण्याच्या तलावावर पहारा देतो. हाल्बेरा शाळेत गणित शिकवते आणि संध्याकाळी ड्रम बडवते.

"हळू बडव," केटिल म्हणाला. "मशीन म्हातारं आहे."

"चौथीच्या वर्गानंतर हळू जमत नाही," हाल्बेरा म्हणाली.

त्यांनी माझी धूळ पुसली, स्पिरिट लावून माझं डोकं साफ केलं आणि नव्या अल्बमची नऊ गाणी माझ्यावर भरली. पहिल्या दिवशी मला वाटलं आपण फुटणार. दुसऱ्या दिवशी आवडायला लागलं.

दहावं गाणं साल्वोरनं लिहिलं होतं. ते स्टेनथोरवर होतं. गावातली शेवटची मोठी बोट त्याची. त्यानं ती दक्षिणेतल्या कंपनीला विकली, बोटीबरोबर मासे धरायचा कोटाही गेला आणि गावातलं काम संपलं. गाण्यात त्याचं नाव सरळ होतं:

*स्टेनथोर, स्टेनथोर, बोट विकलीस,*
*अकरा जणांचे हातमोजे खुंटीला टांगलेस.*

आणि मित्रांनो, स्टेनथोर केटिलचा बाप.

गाणं खरं आहे, असं केटिल स्वतःच म्हणाला. बेसही त्यानंच वाजवला, दात आवळून. त्याची अट एकच होती. अल्बम बाहेर यायच्या आधी बापाला तो सांगणार. स्वतःच्या तोंडून. तोवर बाहेरच्या कुणाला ऐकवायचं नाही.

"कधी सांगतोस?" साल्वोरनं विचारलं.

"रविवारी. जेवायला जातो ना, तेव्हा."

पुढच्या सोमवारी तिनं परत विचारलं, "काय झालं रविवारी?"

"मटण चांगलं झालं होतं."

"केटिल."

"पुढच्या रविवारी. नक्की."

असे तीन रविवार गेले. या तीन आठवड्यांत ते गाणं आम्ही तीसेक वेळा वाजवलं असेल. तालमीची खोली तापायची. आता, आमच्या गावात हीटर कुणी कमी करत नाही. हीटरमधलं गरम पाणी जमिनीतूनच येतं, त्याचं कौतुक कुणाला? उकडलं की खिडकी उघडायची, बाहेर बर्फ असला तरी. सगळे तेच करतात, जन्मापासून. यांनीही केलं. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की उघड्या खिडकीतून गाणं बाहेर जातं. आणि खिडकीखालून शाळेची वाट.

चौथ्या आठवड्यात हाल्बेरा धापा टाकत आली. "माझ्या वर्गातली पोरं तलावावर गात होती. गरम कुंडात बसून. स्टेनथोर, स्टेनथोर."

"मग?" साल्वोर म्हणाली.

"तो समोरच बसला होता. अर्धं गाव कुंडात. तो उठला, टॉवेल घेतला, गेला."

केटिलची तेव्हा तलावावर पाळी नव्हती. तो बेसची तार पिळत होता, पिळतच राहिला.

दारावर टकटक न करता स्टेनथोर आत आला. केस अजून ओले. मला बघून म्हणाला, "हा आमच्या मंडळाचा." तोही कधीकाळी माझ्यासमोर गायचा, खालच्या सुरात. मग म्हणाला, "लावा."

साल्वोरनं केटिलकडे बघितलं. केटिलनं जमिनीकडे. तिनंच बटण दाबलं. मला थांबायचं होतं, पण आमच्यासारख्यांना ती सोय नाही. मी वाजलो, शब्द न शब्द.

गाणं संपल्यावर स्टेनथोर म्हणाला, "अकरा नाही."

"काय?"

"चौदा. बोटीवरचे अकरा तू मोजलेस. शेडमध्ये गळाला आमिष लावणाऱ्या तिघी होत्या." मग म्हणाला, "त्यातली एक तुझी आई, साल्वोर."

साल्वोरचा चेहरा पांढरा पडला.

"नाव राहू दे," तो म्हणाला. "आकडा नीट करा." दाराशी गेल्यावर केटिलकडे वळला. "तू रोज दोनदा माझ्या घरावरून जातोस."

केटिल म्हणाला, "बाबा, रविवारी मी..."

"पोरांना चाल चांगली जमलीय," स्टेनथोर म्हणाला आणि गेला.

त्यांनी जुनं गाणं माझ्यावरून पुसलं आणि चौदा म्हणून पुन्हा भरलं. केटिलची बोटं दोनदा चुकली, ते तसंच ठेवलं. शेवटचा सूर विरल्यावर बाकीच्या दोघी बाहेर गेल्या. मी फिरतच होतो. केटिल माइकजवळ वाकला आणि बापाला जे सांगायचं होतं ते सगळं मला सांगितलं. सात मिनिटं. मध्ये रडलाही.

अल्बम आला. दूरच्या शहरांत लोक ऐकतात, चांगलं बोलतात. ती सात मिनिटं अल्बमात नाहीत. ती फक्त माझ्याकडे आहेत. रविवारच्या जेवणाला केटिल आता जात नाही, बोलावणंही येत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या मशीनची निगा राखा, धूळ पुसा, एवढं मागायचा मला हक्क आहे. पण आज ते मागत नाही. मी चांगलं ऐकतो, म्हणून तुमच्या माणसाला सांगायचं ते मला सांगू नका. मला पाय नाहीत. स्टेनथोर चर्चच्या मागे, हिरव्या छपराच्या घरात राहतो. इथून चालत चार मिनिटं.