तोंड दिसणारं कार्ड

दिवाळी झाली की आमच्या गावातली निम्मी घरं मेंढरं घेऊन चाऱ्यामागं बाहेर पडतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. चार-सहा घरं मिळून फिरतात, त्याला आमच्यात वाडा म्हणतात. या वर्षी आमचे मालक जायला तयार नव्हते. नाव घ्यायचंच तर सिद्धनाथ. त्यांची आई बाळाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणायची, अंथरुणाला खिळल्या होत्या. छातीत पाणी झालं होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हाच आम्ही काय ते समजलो.

पण आत्याच ऐकेनात. मेंढरं घरी बसवलीस तर माझ्या आधी ती मरतील, म्हणाल्या. फक्त एक गोष्ट त्यांनी लेकाकडून कबूल करून घेतली. शेवटचं पाणी त्याच्या हातचं पाहिजे. सून चालणार नाही, शेजारी चालणार नाही. फोन गेला की त्यानं मेंढरं सोडून मिळेल त्या एसटीनं यायचं. एकुलता एक लेक. तो हो म्हणाला आणि सगळा भार त्या फोनवर येऊन पडला.

म्हणून आम्ही मंगळवेढ्यात चनबसप्पांच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. मी, हे, आणि वाड्याचे कारभारी धुळामामा. चनबसप्पांनी साधा सवाल केला: कोणकोणत्या गावांवरून जाणार ते सांगा, तिथं कुणाचा टॉवर आहे ते बघून कार्ड देतो. मामा छताच्या पंख्याकडे बघत बसले. वाड्याची वाट आधी कुणाला सांगायची नाही, हा आमचा नियम. बोभाटा झाला की दुसरा वाडा आधी पोचतो आणि रान चारून मोकळा होतो. रोज सकाळी कारभारी काठी उचलतो, तो जाईल तिकडं बाकीचे. दुकानात तर आणखी दोन मेंढपाळ उभे होते.

"जाऊ की कुटंबी," मामा म्हणाले. चनबसप्पांनी कपाळावर हात मारला.

मग त्यांनी दोन कार्डं पुढं ठेवली. एकाचं नेट पळतं, बोलताना तोंड स्वच्छ दिसतं, पण मोठा रस्ता सोडला की भरवसा नाही. दुसऱ्याचं नेट रखडतं, तोंड दिसायचं नाही, पण डोंगरात आवाज तरी पोचतो. मी म्हटलं, आवाजाचं घ्या, नाहीतर दोन्ही घ्या, फोनमध्ये जागा आहे. मामा म्हणाले, दोन घरचा पाहुणा उपाशी. दुकान हसलं. बाईमाणसाचं बोलणं असंच हसण्यावारी जातं.

तरी हे घुटमळत होते. तेवढ्यात चनबसप्पांनी पहिलं कार्ड घालून घरी फोन लावून दाखवला. घरी शेजारच्या शरणम्माकाकू आत्यांजवळ बसल्या होत्या. त्यांनी घरी ठेवलेला माझा फोन आत्यांच्या तोंडासमोर धरला. आत्यांनी लेकाला बघितलं आणि हात पुढं करून काचेवरून त्याचे गाल चाचपायला लागल्या. ह्यांचे डोळे भरले. हेच कार्ड, म्हणाले. त्यांचं पाहून वाड्यातल्या सगळ्या घरांनी तेच घेतलं. आमच्यात एका मेंढरानं मान घातली की बाकीची विचारत नाहीत.

हे वाड्याबरोबर गेले, मी आत्यांपाशी घरी राहिले. माळशिरसपर्यंत सगळं झकास चाललं. मी फोन लावायची, आत्या नवी कोकरं बघायच्या, एखादं काळं-पांढरं दिसलं की त्याला नाव ठेवायच्या. फोन मात्र नेहमी आम्ही घरच्यांनीच लावायचा. वाड्यानं घरची खबर विचारायची नाही, हाही जुना नियम. पूर्वी कुणी गेलं तर गावाहून माणूस चालत यायचा. माणूस आला नाही म्हणजे घरी सगळे सुखरूप. आपण होऊन विचारणं म्हणजे मरणाला आवतण. माणसाच्या जागी फोन आला, नियम तोच राहिला.

मग वाडा घाटाकडं वळला आणि फोन लागेना. ह्यांचा नाही, मामांचा नाही, कुणाचाच नाही. तीच ती बाई, तेच ते वाक्य, नेटवर्क क्षेत्राच्या बाहेर. इकडे आत्यांना धाप लागली. शरणम्माकाकूंचा मुलगा प्रभु मोटारसायकल घेऊन माळशिरसच्याही पुढं जाऊन आला. शेवटचा मुक्काम ज्याच्या रानात होता तो शेतकरी म्हणाला, गेले घाटाकडं, कुठल्या ते बोलले नाहीत.

आत्यांनी पाणी घेणं बंद केलं. कुठला घोट शेवटचा ठरेल याची त्यांना भीती होती. मी वाटी लावली की ओठ घट्ट मिटायच्या. जीभ सुकून चामडं झाली होती. मी विनवण्या केल्या, ओरडले, एकदा तर पायावर डोकं ठेवलं. त्या दाराकडं बघत राहिल्या. दुपारी गेल्या. मी चमच्यानं पाणी घातलं ते गालावरून उशीत गेलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत लोकांनी वाट बघितली, मग माती दिली.

शरणम्माकाकूंनी मला शिकवून ठेवलं होतं. त्यानं विचारलं तर सांग, तुमचं नाव घेतलं आणि माझ्या हातनं दोन घोट प्याल्या. मेलेल्याला त्यानं काही होत नाही, जिवंत माणूस तरी तरतो. मलाही ते पटलं होतं. तेच सांगणार होते मी.

तिसऱ्याच्या विधीनंतर भांडी घासत होते तेव्हा फोन वाजला. तोंड दिसणारा. हे कुठल्याशा बाजाराच्या गावी उतरले होते, मागं दुकानं दिसत होती. हसत होते. आज सकाळी रेंज आली म्हणाले. वर डोंगरात एका शेतकऱ्यानं आपला फोन पुढं केला होता, त्याच्या कार्डाला तिथं रेंज होती, घरी लावा म्हणाला. ह्यांनी घेतला नाही.

"आपुन हून कशाला इचारायचं? तुझा फोन न्हाय म्हंजे समदं बरं," ते म्हणाले. "आईला दाव की."

मी त्यांना सांगितलं. आत्या गेल्या. वाट बघून माती दिली.

त्यांनी हळूच विचारलं, "पानी कुनी पाजलं?"

दोन घोटांचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण तो पुढं केलेला फोन माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

"कुनीच न्हाय," मी म्हटलं. "त्यांनी त्वांड उगडलं न्हाय. तानेल्याच गेल्या."