सोड्याच्या पाण्यातल्या चांदण्या

खिडकीत टांगायला चांदण्यांची माळ हवी म्हणून दोन्ही मुलींनी आठवडाभर डोकं खाल्लं होतं. दुकानातली माळ महाग, आणि दोन दिवसांत तिचा रंग उडतो. तेव्हा आईने शब्द दिला की सुट्टी लागली की घरीच करू, फुकटात.

ती रुग्णालयात एक्स-रे काढायची. कुणी ऐन वेळी हललं, कुणी श्वास धरलाच नाही, की ती फिल्म वाया जाई. अशा वीसेक फिल्मा तिने मोठ्या डॉक्टरांना विचारून घरी आणल्या होत्या. त्यांची अट एकच होती: रुग्णाच्या नंबराचा कोपरा आधी कापून टाकायचा. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून फिल्म बुडवायची, थोड्या वेळाने चिंधीने पुसायची. काळा थर शेवाळासारखा सुटतो आणि खाली राहतो निळसर, काचेसारखा पत्रा. त्याच्या चांदण्या झकास होतात.

थोरली सात वर्षांची. घरात तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण ती सगळ्यांच्या चुका काढायची. कोपरे कापायचं काम तिने घेतलं. धाकटी चिमणी टबाशी बसून पुसत होती आणि दर फिल्मला विचारत होती, "हा कोण होता?"

"कुणीतरी. नीट पूस."

"याची हाडं मी पुसली. आता हा चालणार कसा?"

"दुसरी हाडं आहेत त्याच्याकडे," मास्तरीण म्हणाली. "ही नुसती सावली आहे, ढ."

आई हसली. टबात मावेना म्हणून मास्तरणीने मधोमध कापलेल्या एका फिल्मचा अर्धा तुकडा तिने उचलला आणि हाताच्या सवयीने खिडकीकडे धरला. एक्स-रे काढायचा, वाचायचा नाही, ते डॉक्टरांचं काम. दहा वर्षं तिने हा नियम पाळला होता. पण दहा वर्षं बघून डोळा तयार होतोच. छातीचा खालचा भाग. उजवीकडे, तळाशी, लिंबाएवढा पांढरा डाग, कडा विसकटलेल्या.

बिचारा, असं तिच्या मनात आलं. मग ती थबकली. बरगड्यांच्या रेषा पेन्सिलीने काढाव्यात इतक्या स्वच्छ होत्या. कुणी हललं नव्हतं, श्वासही नीट धरला होता. ही फिल्म वाया गेलेली नव्हती. चांगली फिल्म तिच्या गठ्ठ्यात असायचं कारणच नव्हतं.

"मास्तरीण, ही कुठून आली?"

"कमी पडत होत्या. माळेला चोवीस लागतात, तूच म्हणालीस. मग कपाटातल्या खाकी पाकिटातून दोन घेतल्या." आईचा चेहरा बघून तिने घाईने पुढे जोडलं, "कोपरे कापलेत मी. दोन्हींचे."

खाकी पाकीट नवऱ्याचं. तो आणि त्याचा धाकटा भाऊ फरशी कापायच्या कारखान्यात एकाच यंत्रावर होते. चार वर्षांपूर्वी तपासणीची गाडी आली, एकाच दिवशी दोघांच्या छातीचे फोटो निघाले. दोघांच्याही फिल्मा याच पाकिटात आल्या, आणि वर टाचलेल्या दोन्ही रिपोर्टांवर 'दोष नाही' असा शिक्का होता. शिक्का आहे म्हटल्यावर पाकीट उघडून बघायची गरज तिला कधी वाटलीच नाही. पुढे दीर काम बदलून दुसऱ्या गावी गेला. नवरा त्याच यंत्रावर, दगडाच्या धुळीत राहिला.

कोपऱ्यांचे कपटे पेलाभर होते. त्यांतले दोन कुठले, हे कपट्यांवरून कळणार नव्हतं. कुणाच्याही नावाचं अक्षर त्यांवर नव्हतं, नुसते आकडे; आणि रिपोर्टांवर नुसती नावं.

"वरचा अर्धा कुठाय?"

"पाण्यात," चिमणी म्हणाली.

आईने कोपरापर्यंत हात घातला. पाणी गढूळ आणि अजून चांगलंच गरम होतं. नवऱ्याचं डावं गळ्याचं हाड लहानपणी मोडून वाकडं जुळलेलं होतं. सदऱ्याखालीही तो उंचवटा हाताला लागे. तेवढं दिसलं की पुरे. उंचवटा नसला तर फिल्म दिराची. ती दिराची असू दे, असं तिने मागितलं आणि पाण्यातच तिचा हात थांबला. लग्न होऊन ती आली तेव्हा याच दिराने पहिल्या दिवशी तिला वहिनी म्हणून हाक मारली होती.

तुकडा सापडला. कापलेल्या कडा तिने जुळवल्या, हृदयाच्या टोकावरून डावं-उजवं ठरवलं आणि जोडलेली फिल्म काचेवर दाबून धरली. उजवं गळ्याचं हाड स्पष्ट होतं, सरळ. डाव्या बाजूला निळसर पत्र्यातून समोरच्या घराची भिंत दिसत होती.

"तिथलं मी पुसलं," चिमणी म्हणाली. "चांगलं निघालं ना?"

"हो. चांगलं निघालं."

"आणि दुसरी?" आईने मास्तरणीला विचारलं. मास्तरणीने वाळत घातलेल्या पत्र्यांकडे बोट केलं. सगळे सारखे, सगळे स्वच्छ. त्या दुसरीवर काय होतं, हे आता टबातल्या पाण्यालाच विचारायचं.

"आई, मी चुकले का?" मास्तरणीचा आवाज बारीक झाला होता.

"नाही गं. उघडून बघायचं काम माझं होतं."

जिन्यात नवऱ्याची पावलं वाजली. मधल्या वळणावर पावलं थांबली. हल्ली तो तिथे थांबायचा. किल्ल्या शोधतो, असं ती समजत आली होती. आज किल्ल्यांचा आवाज आला नाही.

दार उघडून त्याने आत डोकावलं. "काय, कारखाना काढलात की काय घरात?"

"अहो, चपला काढू नका. आपल्याला रुग्णालयात जायचंय."

"सुट्टीच्या दिवशी? तुझं काम तुला सोडवत नाही बघ."

"माझं नाही, तुमचं काम आहे. छातीचा फोटो काढायचाय. मुलींना शेजारी ठेवते."

तो हसायला गेला. मग त्याने तिचा कोपरापर्यंत लाल झालेला हात पाहिला आणि दारातच उभा राहिला. तिने ओल्याच बोटांनी दिराचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजू लागली.

"वहिनी? काय म्हणता, सुट्टी कशी चाललीय?" दीर म्हणाला, आणि तिने उत्तर द्यायच्या आत त्याला खोकल्याची उबळ आली.

ती फोन कानाला धरून उबळ थांबायची वाट बघत राहिली.