भगदाडाशेजारचा खांब

मित्रांनो, आधी ओळख करून देतो. दोन अंगणांच्या मध्ये जे लाकडी कुंपण आहे ना, त्यातला मी एक जुना खांब. कुंपणाच्या नावाने तुमच्या भाषेत एक बदनामीची म्हण आहे, ती मी तोंडाने उच्चारणार नाही. आम्ही कुणाचं काही खाल्लं नाही. उलट वाळवीनेच आम्हाला खाल्लं, पण ते सांगायचं कुणाला!

एका पाडलेल्या गोदामाच्या तुळईतून माझा जन्म झाला. सुतारकाकांनी ती तुळई आणली, कापली, तासली, माझ्या बुडाला डांबर फासलं आणि मला त्यांच्या हद्दीवर गाडलं. तेव्हा ते तरुण होते. खांबांची रांग सरळ यावी म्हणून दोरीचं दुसरं टोक शेजारच्या काकांनी धरलं होतं.

"भाऊ, दोरी ढिली सोडू नका हां!"

"तू मुकाट्याने खड्डा खण. दोरीचं मी बघतो."

आणि त्यांनी खरंच बघितलं. आमची रांग इतकी सरळ आली, की सुतारकाका पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला आमच्यापाशी घेऊन यायचे. "हे बघा माझं काम," असं म्हणत माझ्या डोक्यावर थाप मारायचे. मला काय कौतुक वाटायचं स्वतःचं! अहो, खांबालाही मान ताठ करावीशी वाटते कधीकधी.

पुढे शेजारचे काका वारले. काकू एकट्या राहिल्या. त्या कपडे शिवायच्या, पण डोळे साथ देईनात. सुईत दोरा ओवताना त्यांची नुसती चिडचिड व्हायची. मग त्यांनी एक शेळी पाळली, ठमी नावाची. ठमी गाभण राहिली तेव्हा काकू तिला पाला घालताना म्हणाल्या, "सुई दिसेनाशी झाली, की तुम्हीच मला जगवायचं बरं का गं. तू आणि तुझी पिल्लं." ठमीने पाला खाल्ला आणि काकूंचा पदरही चावला.

सुतारकाकांकडे दोन कुत्री होती. काळा, दांडगट तो रंधा आणि भुशाच्या रंगाची ती भुशी. रंधा भांडखोर. भुशी मात्र कुणाच्या अध्यात ना मध्यात.

एके दिवशी लाकडं उतरवायला आलेला ट्रक मागे घेताना आमच्यावर आदळला. माझ्या शेजारचा खांब, माझा जन्माचा जोडीदार, बुडातून मोडला. त्याच्या फळ्या निखळल्या. मी तिरका झालो, पण उभा राहिलो. आमच्यामध्ये भलंमोठं भगदाड पडलं. रंधा त्यातून पलीकडे गेला आणि ठमीच्या मागे लागला. काकू मापाची लाकडी पट्टी घेऊन धावल्या.

"भाऊजी, एवढं कुंपण नीट करून घ्या. माझी शेळी गाभण आहे हो."

"बघतो, वहिनी."

मित्रांनो, हा शब्द मी तेव्हापासून इतक्यांदा ऐकला, की त्याचा मला उबग आला. काकू परत सांगायला आल्या. बघतो. पुन्हा आल्या. बघतो की, जरा हातातलं काम उरकू द्या. अख्ख्या गल्लीची दारं-खिडक्या दुरुस्त करणारा हा माणूस! फळ्या त्याच्याच आवारात रचलेल्या, खिळे त्याच्याच खिशात. तो खोटं बोलत नव्हता, दुष्टही नव्हता. तो फक्त बघत नव्हता. काकूंनी बिचाऱ्यांनी भगदाडाला एक पत्रा टेकवला. रंधाने तो नाकाने सारला.

भुशीही त्याच वाटेने जायची, पण तिचं निराळं. ती दुपारी काकूंच्या शिलाई मशीनखाली जाऊन झोपायची. काकू पायडल मारता मारता तिला दटावायच्या, "सरक गं बाई, पाय येईल शेपटीवर." ती सरकायची नाही आणि काकूही तिला हाकलायच्या नाहीत.

मग ती दुपार आली. काकू शिवलेले कपडे द्यायला गेल्या होत्या. ठमी दाव्याला बांधलेली होती, रंधा आला तेव्हा तिला पळता आलं नाही. जे झालं ते मी तुम्हाला सांगणार नाही. ठमी गेली आणि तिची दोन्ही पिल्लं पोटातच दगावली, एवढं सांगतो.

काकू परतल्या. बराच वेळ त्या ठमीजवळ बसून होत्या. मग माझ्यापाशी आल्या आणि ओरडल्या, "भाऊजी! या इकडे. या आणि बघा!"

सुतारकाका आले नाहीत. लांबूनच, मान खाली घालून म्हणाले, "फार वाईट झालं, वहिनी. बघतो, काहीतरी बघतो मी."

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "आता मीच बघते."

त्याच संध्याकाळी सुतारकाकांनी रंधाला फळ्यांच्या थप्पीमागे साखळीने बांधून टाकलं. काकूंना मात्र ते सांगितलं नाही. लाज वाटली असेल. थप्पीमुळे काकूंनाही तो दिसला नाही. मला दोन्ही अंगणं दिसत होती, पण मला तोंड कुठे आहे!

दुसऱ्या दिवशी काकूंनी भगदाडाशी मांसाचा तुकडा ठेवला. त्याला काहीतरी चोळलेलं होतं. त्या आत गेल्या, दार लावून घेतलं आणि मशीन सुरू केली. मशीनचा आवाज ऐकून भुशी उठली, आळस दिला आणि नेहमीच्या वाटेने निघाली. वाटेत तिला तो तुकडा सापडला.

ती काकूंच्या दारापर्यंत पोचली. पंजाने दार खरवडत राहिली. काकूंनी दार उघडलं तेव्हा तिने ओळखून शेपूट हलवली.

काकूंचा आक्रोश ऐकून सुतारकाका भगदाडातून धावत आले. भुशी तोवर गेली होती.

"मी रंधासाठी ठेवलं होतं हो," काकू रडत म्हणाल्या. "देवाशपथ, तिच्यासाठी नव्हतं."

"त्याला मी कालच बांधलाय, वहिनी."

"मग मला सांगायचं नाही का?"

सुतारकाका खाली वाकले. त्यांनी भुशीला उचललं आणि त्याच भगदाडातून परत गेले. जाताना माझ्यापाशी थांबले आणि मला बघितलं. ट्रक आदळल्यापासून पहिल्यांदाच.

मग त्यांनी हत्यारं काढली. नवा खांब रोवला, मला सरळ केलं, फळ्या ठोकल्या. संध्याकाळच्या आत सगळं काम झालं. एवढंसंच काम होतं ते, मित्रांनो!

आता मी पुन्हा ताठ उभा आहे. पण सुतारकाका कुणालाही माझ्यापाशी आणून "हे बघा" म्हणत नाहीत. दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. काकूंची मशीन क्वचित चालते. चाललीच, तर मध्येच थांबते आणि काकू वाकून खाली बघतात.

तुमच्या घराजवळ एखादं कुंपण मोडलं असेल, तर "बघतो" म्हणू नका. आत्ता उठा आणि जाऊन बघा. मी आता इतका पक्का झालोय, की माझ्यातून मुंगीसुद्धा जाणार नाही. पण जिला जायचं होतं, ती आता येत नाही.